एक अक्षर, तीन स्वर : डॉ. कोटणीसांच्या चिनी नावाचे वाचन

1

विशेषनामाला अर्थ असतो काय, हा प्रश्न आपल्या भाषाचिंतनात जुना आहे. शास्त्राने त्याची उत्तरे अनेक दिली असली तरी व्यवहाराने एकच दिले आहे : नाव निर्देश करते, वर्णन करीत नाही. 'लक्ष्मी' दरिद्री असू शकते आणि 'भीम' कृश असू शकतो. त्यामुळे कुणाचे काही अडत नाही. उच्चारानुसारी लिपीने या व्यवहाराला मोठेच साहाय्य केले आहे. अशा लिपीत नावाचा ध्वनी लिहिला की काम संपते. अर्थ सोबत न्यावाच लागत नाही.

एक साधे उदाहरण घेऊ. जयपूरच्या सीकर मार्गावर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र आहे. देवांच्या शिल्पकाराचे नाव यंत्रशाळांच्या वसाहतीला देण्यामागे स्पष्ट औचित्य होते. परंतु नित्याच्या बोलण्यात आणि दुकानांच्या पाट्यांवर ते नाव 'वीकेआय' असे तीन रोमन अक्षरांचे झाले. या तीन अक्षरांत ना विश्व उरले, ना कर्म. तरीही पत्ता चुकत नाही. लिपी ध्वनीची असली की नावातून अर्थ असा सहज गळून पडतो आणि त्याची उणीव कुणालाही जाणवत नाही.

चिनी लिपीत हे इतके सहज घडत नाही. तेथील प्रत्येक चिन्ह एका उच्चारखंडाचे असते आणि बहुतेक वेळा ते स्वतःचा अर्थही बाळगून असते. परकीय नाव लिहायचे म्हणजे केवळ ध्वनी उतरवून भागत नाही. कोणत्या अर्थाचे चिन्ह वापरायचे याची निवड करावीच लागते. नाव लिहिणे हीच तेथे एक वाङ्मयीन कृती ठरते. या दृष्टीने पाहता, एका मराठी माणसाला चीनमध्ये मिळालेले नाव समीक्षेचा विषय होऊ शकते. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांच्या चिनी नावाचे, विशेषतः त्यातील अंत्य अक्षराचे, वाचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

2

भारतीय नावे चिनी चिन्हांत उतरविण्याचा उद्योग जवळजवळ दोन सहस्रकांचा आहे. बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरकारांपुढे प्रामुख्याने दोन मार्ग होते.

पहिला मार्ग ध्वनीचा. वर उल्लेखिलेला विश्वकर्माच या मार्गाने चीनमध्ये पोहोचला. नागार्जुनाच्या नावावर असलेल्या प्रज्ञापारमितेवरील बृहद्भाष्याचे भाषांतर कुमारजीवाने पाचव्या शतकाच्या आरंभी केले. त्यात शिबी राजाची कथा आहे. महाभारतात इंद्र ससाणा होतो आणि अग्नी कबूतर; या बौद्ध पाठात कबूतराचे रूप विश्वकर्मा घेतो. त्याचे नाव तेथे चार चिन्हांत येते आणि आजच्या चिनी उच्चारानुसार ते साधारणतः 'फी-शौ-च्ये-मो' असे वाचले जाते. यातील दुसऱ्या चिन्हाचा मूळ अर्थ डोके, तिसऱ्याचा खच्ची केलेला मेंढा, चौथ्याचा दळणे. देवशिल्पीशी यांचा काडीमात्र संबंध नाही. वाचकाने हे अर्थ विसरावेत, अशीच अपेक्षा असते. शेवटची दोन चिन्हे 'कर्म' या शब्दासाठी रूढ झाली. जपानमध्ये गेल्यावर त्यांचा उच्चार पंथपरत्वे 'कात्सुमा' किंवा 'कोन्मा' असा होऊ लागला. चिन्हे तीच, पण जिभा बदलल्या. ह्युएनत्संगाने सातव्या शतकात आपल्या प्रवासवृत्तात 'महाराष्ट्र' हे नावही याच रीतीने लिहिले. आजचा चिनी वाचक ते 'मो-ह-ला-छा' असे काहीसे उच्चारतो.

दुसरा मार्ग अर्थाचा. 'सद्धर्मपुंडरीक' या सूत्राचे भाषांतर कुमारजीवाने इ. स. 406 मध्ये पूर्ण केले. तेथे 'पुंडरीक' हा ध्वनी त्याने सोडून दिला आणि कमळ व फूल अशा अर्थांची दोन चिन्हे योजिली. त्यांपैकी दुसरे चिन्ह 'ह्वा' हे आहे. आपल्या विवेचनाचे मुख्य अक्षर तेच.

एका मार्गात अर्थ विसरायचा आणि दुसऱ्यात ध्वनी सोडायचा. ध्वनी आणि अर्थ या दोहोंना एकाच वेळी सांभाळणारा तिसरा मार्ग दुर्मीळ असतो. कोटणीसांचे नाव या तिसऱ्या मार्गाचे उदाहरण आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. त्यासाठी आधी 'ह्वा'ची ओळख करून घेणे आवश्यक आहे.

3

आजच्या प्रमाण चिनी भाषेत चार स्वर मानले जातात : पहिला उंच व समपातळीचा, दुसरा चढता, तिसरा खाली जाऊन वर येणारा आणि चौथा उतरता. उच्चारखंड तोच राहून स्वर बदलला की शब्दच बदलतो. 'ह्वा' या एकाच चिन्हाला यांपैकी तीन स्वर लाभले आहेत आणि प्रत्येक स्वराचे अर्थक्षेत्र वेगळे आहे.

समपातळीच्या पहिल्या स्वरात या चिन्हाचा अर्थ 'फूल' असा आहे. हाच त्याचा मूलार्थ. जुन्या रूपात ते बहरलेल्या झाडाचे चित्र होते आणि पुढे स्थिरावलेल्या रूपातही त्याच्या माथ्यावर गवताची, म्हणजे वनस्पतिवर्गाची खूण आहे. 'शिचिंग' या 305 रचनांच्या प्राचीन काव्यसंग्रहात पीचच्या झाडाचा बहर याच चिन्हाने दर्शविला आहे. फुलासाठी आज सर्वत्र वापरले जाणारे निराळे चिन्ह पुष्कळ उत्तरकालीन आहे. ते रूढ झाल्यावर जुन्या चिन्हाकडे फुलाचा अर्थ मुख्यतः अभिजात ग्रंथांतून आणि बौद्ध सूत्रांतून शिल्लक राहिला.

चढत्या दुसऱ्या स्वरात त्याचा अर्थ 'शोभा', 'तेज', 'बहराचा काळ' असा होतो. आयुष्याची उमेदीची वर्षे सांगणाऱ्या शब्दात हे चिन्ह आहे. आणि विशेष म्हणजे पिकलेल्या केसांसाठी असलेल्या जुन्या शब्दातही तेच आहे. तारुण्य आणि वार्धक्य एकाच अक्षराच्या आश्रयाने राहतात. याच स्वरात ते 'चीन' या अर्थानेही येते. वस्त्रप्रावरणांच्या शोभेमुळे आपल्याला हे नाव मिळाले, असे स्पष्टीकरण तेथील प्राचीन भाष्यकारांनी दिले आहे. फुलापासून शोभा आणि शोभेपासून देश, असा हा अर्थविस्तार आहे.

उतरत्या चौथ्या स्वरात ते केवळ नाव उरते : शान्सी प्रांतातील पवित्र पर्वताचे आणि एका आडनावाचे. हे आडनाव धारण करणारा सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेलेला वैद्य ह्वा थ्वो. शल्यकर्मापूर्वी बधिरता आणणारे औषध देण्याची त्याची कीर्ती आहे. संस्कृत जाणणारे चिनी इतिहासकार छन यिन्ख यांनी 1930 साली असा तर्क मांडला, की या वैद्याच्या नावाचा प्राचीन उच्चार 'गद'शी जुळणारा असून त्यामागे औषधवाचक 'अगद' हा भारतीय शब्द असावा. 'अगदतंत्र' हे आयुर्वेदाचे एक अंग असल्याचे आपण जाणतोच. हा तर्क सर्वमान्य झालेला नाही. तथापि या अक्षराच्या पाठीशी वैद्यकाची आणि भारताची छाया पडल्याची चर्चा कोटणीसांच्या कितीतरी आधी झाली होती, एवढे त्यावरून दिसते.

हे तीन उच्चार अलीकडचे नव्हेत. इ. स. 1008 मध्ये सिद्ध झालेल्या 'क्वांगयुन' या ध्वनिकोशातही ते स्वतंत्रपणे नोंदलेले आढळतात.

मराठी वाचकाला हा प्रकार वाटतो तितका परका नाही. 'जरा' हा शब्द पाहावा. 'जरा थांबा' यातील ज दंततालव्य आहे. 'जरा-मरण' यातील ज तालव्य आहे. लेखन एक, उच्चार दोन, अर्थ दोन. देवनागरीने हा भेद दाखविलेला नाही आणि आपण तो संदर्भावरून विनासायास ओळखतो. मराठीत हा अपवाद आहे, तर चिनीत ती एक प्रस्थापित व्यवस्था आहे, इतकाच फरक.

4

सोलापूर येथे 10 ऑक्टोबर 1910 रोजी जन्मलेले डॉ. कोटणीस हे भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने 1938 साली चीनला पाठविलेल्या वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टरांपैकी एक होते. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे अन्य चौघे. जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनमध्ये कोटणीस राहिले, बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. ही कथा सर्वपरिचित आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाने आणि 1946 च्या व्ही. शांताराम यांच्या चित्रपटाने ती घरोघरी पोहोचविली.

पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि पाचही नावांच्या अखेरीस 'ह्वा' आहे. या नामकरणाचे श्रेय चिनी वृत्तांतांत शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे संस्थापक तान युन-शान यांना दिले जाते. येथे 'ह्वा'चा स्वर चढता आहे आणि उद्दिष्ट अर्थ 'चीन' हाच आहे, याविषयी संदेह नाही. पाचही नावांना जोडलेला तो मैत्रीचा समान प्रत्यय होय.

आता कोटणीसांचे पूर्ण नाव पाहू. आपल्याकडे ते 'के दिहुआ' असे छापले जाते. ते तीन चिन्हांचे आहे. पहिले चिन्ह चिनी आडनावांत आढळणारे असून त्याचा अर्थ कुऱ्हाडीचा दांडा आणि झाडाची फांदी असा आहे. दुसरे चिन्ह एका झाडाचे नाव आहे. चेरीच्या जातीतील, बहरणारे असे ते झाड. तिसरे 'ह्वा'. कोटणीसांतील 'कोट' हा ध्वनी पहिल्या दोन चिन्हांनी पेलला आहे. 'णीस' गळले आहे आणि त्याच्या जागी 'ह्वा' आले आहे. ध्वनीच्या बाजूने नाव इतकेच सांगते. परंतु अर्थाच्या बाजूने तीन चिन्हे ओळीने वाचली तर जे दिसते ते असे : फांदी, त्या विशिष्ट झाडाची, आणि फूल.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नावातील दुसरे आणि तिसरे चिन्ह 'शिचिंग'मधील एका विख्यात रचनेच्या पहिल्याच ओळीत, मध्ये केवळ एक षष्ठीवाचक शब्द घेऊन, याच क्रमाने येतात. भावांच्या भोजनप्रसंगाची ती रचना आहे. संकटात, मृत्यूच्या भयात आणि परचक्रात भावासारखे दुसरे कुणी नाही, हा तिचा आशय. फूल आणि त्याला धरून ठेवणारा पुष्पकोश यांच्या नात्यातून दुसऱ्या शतकातील भाष्यकार चंग श्वान याने थोरल्या-धाकट्या भावांचे नाते उलगडून दाखविले. या रचनेच्या प्रभावामुळे ते झाडाचे चिन्हच पुढे बंधुभावाचे प्रतीक झाले. त्याचा उच्चार 'धाकटा भाऊ' या अर्थाच्या शब्दासारखाच आहे. आणि अभिजात वळणाच्या पत्रलेखनात धाकट्या भावाला वा भावासमान स्नेह्याला संबोधताना ते त्या शब्दाच्या जागी योजले जात असे.

तात्पर्य, सोलापूरच्या एका कुलनामाचा ध्वनी राखता राखता एका परकीय डॉक्टरला 'धाकटा भाऊ' म्हटले गेले आहे, आणि तेही परचक्राच्या काळात, परचक्रात साथ देणाऱ्या भावाच्या रचनेची आठवण जागवीत.

5

येथे एक रास्त आक्षेप घेता येईल. त्या रचनेत 'ह्वा' फुलाच्या अर्थाने, म्हणजे पहिल्या स्वरात आहे. नावात ते चीनच्या अर्थाने, दुसऱ्या स्वरात आहे. उच्चारच भिन्न असताना एकाचा अर्थ दुसऱ्यावर लादणे कितपत युक्त? शिवाय 'ह्वा' पाचही नावांत असल्याने कोटणीसांच्या नावात फूल उमलणे हा निव्वळ योगायोग का मानू नये?

या आक्षेपाचा विचार आपल्याच काव्यशास्त्राच्या आधारे करता येतो. अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाने निश्चित होतो, याची गणना भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त केली आहे : संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण, लिंग, अन्य शब्दाचे सान्निध्य, सामर्थ्य, औचित्य, देश, काल इत्यादी, आणि अखेरीस स्वर. 'हरी' म्हणजे विष्णू, सिंह वा वानर. शंखचक्राचा उल्लेख आला की विष्णूच. 'राम' अनेक, लक्ष्मण सोबत असला की दाशरथी.

स्वराने अर्थ कसा पालटतो याचे आपल्या परंपरेतील ठळक उदाहरण पुन्हा शिल्पकाराच्याच घरातले आहे. त्वष्ट्याने, ज्याला पुढील परंपरेने पुष्कळदा विश्वकर्म्याशी एकरूप मानले, इंद्राचा घात करणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला. मंत्रातील 'इंद्रशत्रु' या शब्दात स्वराघात जागा चुकला. 'इंद्राचा घातक' या ऐवजी 'इंद्र ज्याचा घातक आहे तो' असा अर्थ झाला आणि वृत्र मारला गेला. अक्षरे तीच होती. चिनी स्वरभेद समजून घेण्यास मराठी वाचकाला याहून जवळचा दाखला नाही.

तथापि मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त एक महत्त्वाची मर्यादा घातली आहे : स्वर हा अर्थनिर्णायक असतो तो वेदात, काव्यात नव्हे. शिवाय त्याचे प्रतिपादन असे, की संयोगादी कारणांनी अभिधा एका अर्थापुरती नियंत्रित झाल्यावरही जो दुसरा अर्थ प्रतीत होतो, तो व्यंजनेचा व्यापार होय. आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. कोटणीसांच्या नावात स्वराने अभिधेला 'चीन' या अर्थाशी बांधले आहे. ते बंधन कुणी नाकारीत नाही. परंतु शेजारी झाडाचे चिन्ह आहे, त्याच्या आधी फांदी आहे. आणि या सान्निध्यामुळे 'फूल' हा नियंत्रित अर्थ व्यंजनेच्या वाटेने परत येतो. जीभ एकच अर्थ निवडते. डोळा दोन्ही पाहतो. संस्कृतातील शब्दशक्तिमूल ध्वनी कानासाठी आहे. येथे तोच व्यापार डोळ्यासाठी घडला आहे.

योगायोगाच्या आक्षेपासाठी अन्य नावे हीच कसोटी ठरतात. डॉ. चोळकरांच्या नावातील पहिल्या दोन चिन्हांचे अर्थ 'उन्नत' आणि 'समर्थ होणे वा जिंकणे' असे आहेत. डॉ. अटलांच्या नावात 'प्रेम' आणि 'सद्गुण' आहेत. तेथे 'ह्वा' पुढे येऊनही फूल उमलत नाही, कारण त्याला शेजार नाही. ऑगस्ट 1942 मध्ये कोटणीसांना पुत्र झाला; त्याचे नाव 'यिनह्वा' ठेवण्यात आले. 'यिन' या चिन्हाचा मूळ अर्थ मुद्रा वा ठसा. परंतु ह्युएनत्संगाने भारताचे नाव लिहिताना ते स्वीकारल्यापासून ते भारताचे निदर्शक झाले. या दोन अक्षरी नावात भारत आणि चीन रामलक्ष्मणांसारखे एकमेकांचा अर्थ निश्चित करतात. तेथेही 'ह्वा' म्हणजे केवळ चीन. सारांश, फूल हे 'ह्वा'त सर्वत्र असतेच असे नाही. कोटणीसांच्या नावातच ते दिसते. नामकर्त्याच्या मनातील हेतूवर हे वाचन अवलंबून नाही. शब्दांची मांडणी जो अर्थ देते तो पाठाचा अर्थ, एवढे समीक्षेला पुरेसे आहे.

6

प्रश्न असा, की हे नाव मराठीत येताना त्याचे काय झाले. 'के दिहुआ' हे रूप चिनीतून आलेले नाही. ते रोमन लिप्यंतराचे देवनागरीकरण आहे. रोमन पद्धतीत 'के' हे चिन्ह महाप्राण 'ख'साठी योजलेले आहे आणि त्यापुढील स्वर आपल्या 'ए'पेक्षा 'अ'ला जवळचा आहे. 'दि'मधील वर्ण घोष नसून अघोष अल्पप्राण, म्हणजे आपला 'त' आहे. मूळ उच्चार 'ख-ती-ह्वा' असा लिहिणे अधिक योग्य. अल्पप्राण-महाप्राण भेद दाखविण्याची सोय देवनागरीत जन्मजात आहे. रोमनला ती नाही. तरीही आपण रोमनच्या चष्म्यातून वाचले आणि 'ख-ती'त अजून ऐकू येणारा 'कोट' गमावून बसलो. आपल्याच माणसाच्या नावाला आपण परके करून घेतले. देवनागरीच्या आतही हे घडलेले आहे : चित्रपटाच्या हिंदी शीर्षकात 'कोटणीस'चे 'कोटनीस' झाले. तेव्हा ध्वनीची लिपी ध्वनीही नीट राखते, असा अभिमान बाळगण्याचे कारण नाही.

दुसरीकडे चीनमध्येही या नावातील एक अंश पुसट झाला आहे. 1950 नंतरच्या लिपी-सुलभीकरणात 'ह्वा'चे रूप बदलले. माथ्यावरची वनस्पतीची खूण गेली आणि तिच्या जागी केवळ उच्चार सुचविणारा घटक आला. 1939 च्या सुमारास हे नाव लिहिले गेले तेव्हा डोळ्याला दिसणारा बहर आजच्या रूपात दिसत नाही. तेथे फूल गेले, येथे फांदी, झाड आणि फूल ही तिन्ही गेली.

1950 च्या दशकात भारत-चीन बंधुत्वाची घोषणा दुमदुमली आणि 1962 नंतर 'भाई' या शब्दालाच कडवटपणा आला. कोटणीसांचे नाव या घोषणेच्या आधीचे आहे. त्यातला 'भाऊ' कोणत्याही राज्यसंस्थेने उच्चारलेला नाही. तो एका अभिजात काव्याच्या स्मृतीतून, एका झाडाच्या आडून आला आहे. घोषणेतील अर्थ एकच असतो आणि काळ बदलला की तो खोटा ठरतो. व्यंजनेतील अर्थ तसा खोटा पाडता येत नाही. तो वाचला जातो किंवा वाचायचा राहून जातो.

हे नाव आपल्याकडे वाचायचे राहून गेले आहे. कोटणीसांविषयी मराठीत पुढे होणाऱ्या लेखनात 'के दिहुआ' हे कंसात टाकण्याचे परकीय रूपांतर म्हणून न येता, 'ख-ती-ह्वा' या उच्चारासह आणि फांदी, झाड, फूल या अर्थांसह यावे, असे सुचवावेसे वाटते. त्यामुळे त्यांच्या चरित्रात नव्या घटनेची भर पडणार नाही. मात्र ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले त्यांनी त्यांना काय म्हणून हाक मारली, हे आपल्याला प्रथमच ऐकू येईल.